गेटवरची हजेरी

मौदा
१८ फेब्रुवारी २०२४

मधुभाऊले अंजनाचा जय भीम अन् लाल सलाम.

फोन केला नाही. तुमाले फोनवर आयकू येत नाही अन् मी ओरडली तं तुमच्या आधी अख्ख्या वस्तीले समजते. म्हनून कागद. ही सवय तुमचीच हाय. युनियनच्या शाळेत मले अक्षर शिकवलं, अन् मंग दिल्लीहून लिवत गेले, "अंजनाबाई, उत्तर आलं नाही तर समजेन अक्षर विसरलात." खासदाराचं पत्र आलं म्हनून पोस्टमन मले खुर्ची पुसून देत जाय.

आता कामाचं. काल माझा पोट्टा प्रशिक मिलमधून पेढ्याचा डबा घेऊन आला. म्हटलं, काहून रे, बोनस झाला का? तं म्हने, मिलचा मालक रविंद्र सेठ लोकसभेची निवडणूक लढून राहिला. अपक्ष उभा राहते, पन आघाडीचा पाठिंबा. कुठून, म्हटलं. तं म्हने आपल्याच इथून, मधुकाकाच्या सीटवरून. अन् आपला लाल बावटाही त्याच्या मागं हाय म्हने. मी तो डबा बाहेर कुत्र्याईसमोर ठेवला. त्याईनं खाल्ला. त्याईचा काही पक्ष नसते.

भाऊ, हे खोटं हाय ना? चौऱ्यान्नव साली संपात ट्रक गेटवर आला तवा हा सेठ ड्रायव्हरच्या बाजूले बसून हातानं 'चालव' म्हनून राहिला होता. माझा देवाजी हात वर करून उभा होता, थांबा म्हनून. ट्रक थांबला नाही. सारा गेट पाहून राहिला होता, अन् कोर्टात कोनीच पाहिलं नाही. तवा तुम्ही एकट्यानं लोकसभेत उभं राहून माझ्या मानसाचं नाव घेतलं. इथल्या कोर्टानं त्याले अपघात म्हटलं, पन दिल्लीत त्याचं नाव लिवलेलं हाय.

अन् तवापासून दर बारा ऑगस्टले तुम्ही गेटवर येता. मुकादम घेते तशी हजेरी घेता. "कॉम्रेड देवाजी गजघाटे!" अन् सारी वस्ती म्हनते, "हाजर!" त्या एका शब्दावर मी वर्ष काढतो, भाऊ.

मले एकच सांगा. त्या सेठच्या स्टेजवर तुम्ही चढसान का? हो का नाही. मार्क्स-लेनिन नंतर.

तुमची
अंजना

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय अंजनाबाई,
जय भीम, लाल सलाम.

हो की नाही, असं विचारलंत. सहा वेळा लोकसभेत निवडून गेलो. तिथे मी मंत्र्यांना असंच विचारायचो, आणि त्यांनी लांबण लावलं की बाक वाजवायचो. तेव्हा मला लांबण लावायची सोय नाही. माझं उत्तर: नाही.

पण हे माझं उत्तर झालं. पक्षाचं अजून ठरायचं आहे. पुढल्या महिन्यात जिल्हा कमिटी बसते. रुपराव, आपले जिल्हा सेक्रेटरी, म्हणतात की या वेळी एकेक जागा मोलाची आहे, समोरच्याला पाडायचं तर हातात असेल तो दगड उचलायचा. मी म्हटलं, रुपराव, दगड उचलताना त्याला रक्त लागलेलं आहे की नाही ते तरी बघा. वाईट माणूस नाही तो, हिशेबी आहे. बैठकीत मी विरोधात बोलणार आणि विरोधात हात वर करणार.

तुमचं पत्र वाचून जुनं आठवत बसलो. आपली पहिली लढाई मजुरीची नव्हतीच, मस्टरची होती. जे कधी गेटच्या आत आले नाहीत त्यांची हजेरी लावून ठेकेदार पैसे खायचा, आणि जो भांडायचा तो लोखंडाच्या भट्टीसमोर घाम गाळत असूनही गैरहाजर. तुम्ही मुकादमाच्या हातून मस्टर हिसकावलंत आणि भर दुपारी सगळ्यांसमोर मला वाचायला लावलंत. तेव्हा आपण ठरवलं, हजेरी खरी लावायची, आपल्या माणसाचीसुद्धा खोटी नाही. मग तुमच्या सख्ख्या भावाची, लहानूची, खोटी हजेरी निघाली तर ती तुम्हीच खोडायला लावलीत. लहानू वर्षभर तुमच्याशी बोलला नाही. संसदेत मी मोठमोठे कायदेपंडित पाहिले, पण इतकी कडक बाई पाहिली नाही.

बाकी ठीक. पायांना सूज असते. सुमती मिठाला दोष देते, मी वयाला. डॉक्टर कोणालाच दोष देत नाही, फक्त पुन्हा बोलावतो.

प्रशिकवर रागावू नका. पेढे त्याने वाटले नाहीत, त्याला वाटायला लावले.

तुमचा
मधुसूदन पोतनीस

&nbsp;

मौदा
८ मार्च २०२४

मधुभाऊले जय भीम.

तुमचं "नाही" वाचलं अन् डोळ्याईले लावलं. बाकीचं पत्र मंग सावकाश वाचलं. कमिटी-बिमिटी होत राहते. तुम्ही नाही म्हटलं, झालं.

साऱ्या वस्तीले सांगून टाकलं मी. नळावर सांगितलं, विहारात सांगितलं, किरान्याच्या दुकानात सांगितलं. मधुभाऊ त्या मानसाच्या स्टेजवर पाय ठेवनार नाही, अंजनाचा शब्द हाय. दुकानदार म्हने, मावशी, लीडर लोकाईचा काय भरोसा? म्हटलं, तोंड सांभाळ बे, तो लीडर नाही, तो मधुभाऊ हाय.

आज महिला दिन म्हनून सेठनं वस्तीतल्या बायाईले स्टीलचे डबे वाटले. झाकनावर त्याचा फोटो! बाप्पा, सकाळी पोळी काढाले गेलं की याचं थोबाड पाहा. मी माझा डबा मिलच्या गेटवर नेऊन ठेवला. वॉचमन म्हने, मावशी, घेऊन जा, कामाले येईन. म्हटलं, माझ्या घरी पोळ्या फडक्यात राहतात.

त्यावरून प्रशिक भांडला. म्हने, आई, तुझ्या डब्यापायी माझी क्रेनवरची नोकरी जाईन. त्याले सभेसाठी मानसं गोळा करायची ड्युटी लावली हाय. माझ्या पोटचा पोट्टा अन् बापाले मारनाऱ्यासाठी टोप्या वाटून राहिला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो खाली मान घालून जेवते अन् उठून जाते. देवाजीसारखा दिसते, पन देवाजीचं काही आलं नाही त्याच्यात.

मिठाचं सुमतीताईचं आयका.

अंजना

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
२१ मार्च २०२४

प्रिय अंजनाबाई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

कमिटीत मी हरलो. पाऊण तास बोललो. देवाजीचं नाव घेतलं, ट्रकचं सांगितलं. नवी मुलं ऐकत होती, एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनेच पाठिंब्याच्या बाजूने हात वर केला. विरोधात आम्ही मोजकेच होतो. ठराव झाला: पक्ष रविंद्र सेठला पाठिंबा देतो, आणि मौद्याच्या सभेत पक्षातर्फे मी बोलायचं. रुपराव म्हणाले, "मौद्यात तुमच्याशिवाय आपलं कोण ऐकतं?" खरं आहे ते. म्हणून तर ते माझ्यावर आलं.

अंजनाबाई, सभा ११ एप्रिलला आहे. मी येणार आहे.

आता रागावण्याआधी एवढं वाचा. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. आत काय वाटेल ते भांडा, पण बाहेर आल्यावर एकच तोंड. ज्याला हरता येत नाही त्याने कमिटीत बसू नये. मी हा नियम आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितला. किती जणांना त्यांच्या मनाविरुद्ध गेटवर पाठवलं, तुरुंगात पाठवलं. आज तो माझ्यावर आला आणि मी म्हटलं की मला सोडा, तर मग मी कोण?

चौऱ्यान्नवचं आठवा. देवाजी गेला आणि पंधरा दिवसांत युनियनने संप मागे घेतला. लोकांच्या घरात दाणा नव्हता. तुम्ही विरोधात हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच गेटवर उभ्या राहून बायांना आत पाठवत होतात. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून. पक्ष म्हणजे काय, हे मी पुस्तकात शिकलो नाही, त्या सकाळी तुमच्याकडून शिकलो.

तुम्ही सभेला या. समोर बसा. तुम्ही समोर असलात तर मला उभं राहता येईल.

मधुसूदन

&nbsp;

मौदा
२६ मार्च २०२४

मधुभाऊ,

वाचलं. चार वेळा वाचलं. शेवटी अक्षर शिकल्याचा पस्तावा आला.

चौऱ्यान्नवची गोष्ट माझ्याच अंगावर टाकून राहिले तुम्ही? आयका मंग. देवाजीचं पुण्यानुमोदनही झालं नव्हतं तवा मी गेटवर उभी राहिली. काहून? पोट्टे उपाशी होते म्हनून. माझं दुःख माझं होतं, ते मी गिळलं. माझा हक्क होता गिळायचा. तुम्ही माझं दुःख उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढून राहिले. तवाचं अन् आताचं एक नाही, भाऊ. तुमाले फरक समजत नसन तं सहा वेळा दिल्लीले जाऊन काय शिकले?

वस्तीत तोंड दाखवाले जागा राहिली नाही. तुमच्या फोटोचं पोस्टर लागलं हाय, सेठच्या बाजूले. तुमचा फोटो जुना हाय, केस काळे हायेत. दुकानदार काही बोलला नाही. नुसता पाहत होता. बोलला असता तं बरं झालं असतं.

पन मी तुमाले सोडत नाही. सोडता येत नाही. म्हनून एक रस्ता सांगतो. आजारी पडा ना, बाप्पा! एवढे लीडर आयन टायमावर आजारी पडतात, पेपरात येते, अस्पतालातून फोटो येते. तुम्ही एक दिवस पडा. ब्याऐंशी वर्षाचे हा, पाय सुजतात, कोन विचारते? रुपराव बोलन सभेत. ठरावही पाळला जाईन अन् माझ्या देवाजीचीही राहीन.

मी तुमाले कधी काही मागितलं नाही. ना घरकुल मागितलं, ना प्रशिकसाठी नोकरी. आज मागून राहिली. एक दिवस आजारी पडा.

अंजना

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
३ एप्रिल २०२४

सौ. नव्हे, कॉम्रेड अंजनाबाई यांस,

सुमती पोतनीसचा नमस्कार. आपण इतक्या वर्षांत चार वेळा भेटलो असू, आणि चारही वेळा मी चहा देत होते. पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे, ह्यांना न सांगता.

तुमचं पत्र आलं ते मी वाचलं. आजकाल त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मलाच वाचून दाखवावं लागतं. "आजारी पडा" इथपर्यंत आले आणि मला हसू की रडू ते कळेना. अंजनाबाई, ते आजारी आहेतच. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. मिठाचं सगळं सोंग. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की या उन्हात मौद्याला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

मी म्हटलं, बघा, खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. खरंखुरं सर्टिफिकेट मिळेल. तर म्हणाले, "डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी मी कमिटीत पाऊण तास बोललो. तेव्हा आजारी नव्हतो, आणि आता नको ते काम आलं तर आजारी? ही खोटी हजेरी झाली." लग्नाला छप्पन्न वर्षं झाली. संसदेचा पगार पक्षाच्या स्वाधीन करून पक्ष देईल त्या मानधनात घर चालवलं. सोन्याचा मणी हौसेने केला नाही. तक्रार केली नाही. पण आता वाटतं, हा माणूस एकदा तरी साधं खोटं का बोलत नाही?

तुमचं ते ऐकतील. माझं नाही ऐकणार. त्यांना लिहा, येऊ नका म्हणून. यातून त्यांना सोडवता आलं तर सोडवा.

सुमती

&nbsp;

मौदा
६ एप्रिल २०२४

मधुभाऊ,

मले सारं समजलं हाय, कोनाकडून ते विचारू नका. मिठाचं मले सांगत होते! थू तुमच्या मिठावर.

येऊ नका. आता देवाजीसाठी नाही म्हनत. तुमच्यासाठी म्हनतो. घरी राहा.

अंजना

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
८ एप्रिल २०२४

अंजनाबाई,

सुमतीने फितुरी केली. तिला माफ आहे.

मी येतो आहे. जे करायचं ते तोंड दाखवून करायचं, एवढीच माझी शहाणीव उरली आहे. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी समजेन.

मधुसूदन

&nbsp;

मौदा
१४ एप्रिल २०२४

मधुभाऊ,

आज बाबासाहेबांची जयंती. विहारात सारे निळे झेंडे लागले हायेत, पोट्टे डीजेवर नाचून राहिले. मी घरात बसून तुमाले लिवून राहिली. काय झालं ते तुम्ही पाहिलंच, पन स्टेजवरून वेगळं दिसते. खालून कसं दिसलं ते सांगतो.

मी पयल्या रांगेत बसली होती. तुम्ही गाडीतून उतरले तं मी ओळखलंच नाही. शर्टाच्या आत मानूस हाय का नाही असे झाले. पायऱ्या चढवत नव्हत्या. रविंद्र सेठ खाली आला अन् त्यानं तुमचं कोपर धरलं. त्याच हातानं, भाऊ. अन् तुम्ही धरू दिलं. फोटोवाल्याईनं टकाटक फोटो काढले.

मंग तुम्ही बोलले. आवाज तोच हाय अजून. संविधान बोलले, कामगार कायदे बोलले, ठेकेदारी बोलले. लोक चूप होऊन आयकत होते. शेवटी म्हटलं, "आघाडीच्या उमेदवाराला मत द्या." सेठचं नाव नाही घेतलं. माझ्या ध्यानात आलं ते. मले वाटलं, हा मानूस अजून जिता हाय. दोन मानसं होती त्या सभेत, एक मारनारा अन् एक मेलेला, अन् तुम्ही दोघाईचंही नाव घेतलं नाही.

तवा मी उभी राहिली. ठरवून आली नव्हती, तथागताची शपथ. आपोआप उठली. आयुष्यात पयल्यांदा मी हजेरी घेतली. जोरात म्हटलं, "कॉम्रेड देवाजी गजघाटे!"

तुमच्यासमोर माईक होता, चालू होता. तुमाले फोनवर आयकू येत नाही, पन हे आयकू आलं. तुम्ही मान वर केली अन् माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले तुमचे. मी वाट पाहिली. मंग तुम्ही खाली आपल्या हाताकडे पाहत बसले.

एकच आवाज आला. मागून, टोपीवाल्याईच्या गर्दीतून. "हाजर!" मी वळून पाहिलं तं प्रशिक. डोक्यावरची सेठची टोपी हातात घेऊन उभा होता. भेदरला होता, पन उभा होता.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्याले आत घेतलं नाही. कार्ड घेऊन ठेवलं. मी त्याले काय काय बोलली होती, मधुभाऊ! घरी येऊन तो म्हने, "आई, भूक लागली." मी त्याले भरवलं, लहान होता तसं.

मिटिंगमंधी हरले ते मी समजू शकतो. पन मी नाव घेतल्यावर तुमाले एक शब्द म्हनाचा होता. एकच. तोही आमीच शिकलो तुमच्यापासून.

अंजना

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
२३ एप्रिल २०२४

अंजनाबाई,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. सुमतीला सांगून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही नाव घेतलंत तेव्हा शब्द माझ्या तोंडात आला होता. दातांपर्यंत आला होता. मग मनात आलं, माईक चालू आहे, पत्रकार बसले आहेत, हा एक शब्द गेला की पक्षाचा ठराव याच स्टेजवर मोडला, आणि तो मी मोडला. मी गिळला. इतक्या वर्षांची सवय आहे, गिळायला वेळ लागत नाही. गाडीत बसल्यावर मी तो शब्द म्हटला. ड्रायव्हरने विचारलं, काही हवंय का काका?

माफी मागत नाही. माफी मागितली की तुम्हाला ती देण्याचं काम लागेल, आणि तुम्हाला मी पुष्कळ कामं लावली आहेत.

प्रशिकसाठी रुपरावांना बोललो. ते म्हणाले, निकालानंतर बघू. सेठलाही निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. माझ्या नावाने हल्ली उत्तरं येत नाहीत.

१९ तारखेला मतदान केलं. खुर्चीवर बसवून नेलं. आत गेल्यावर बराच वेळ त्या मशीनसमोर बसून राहिलो. बाहेरून अधिकारी म्हणाला, आजोबा, बटण दाबता येत नाहीये का? दाबलं. कोणतं, ते तुम्हाला सांगायची लाज वाटते, त्यावरून समजा.

तुम्ही मला लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल. पोस्टमन आला की मी विचारतो.

मधुसूदन

&nbsp;

सक्करदरा, नागपूर
२ जुलै २०२४

प्रिय अंजनाबाई,

बातमी तुम्हाला कळली असेलच. २४ जूनला पहाटे हे गेले.

मी तुम्हाला सगळं सांगते, कारण इथे भेटायला येणारे सगळे त्यांच्या मोठेपणाचं बोलतात आणि मला कंटाळा आला आहे. रविंद्र सेठ निवडून आला त्या दिवशी रुपराव पेढे घेऊन आले. ह्यांनी एक तुकडा तोंडात घातला, पक्षाचे म्हणून. पुढे पंधरवडाही उलटला नाही आणि पेपरात आलं, सेठने पलीकडच्यांना पाठिंब्याचं पत्र दिलं. ज्यांना पाडायचं म्हणून हे सगळं केलं, त्यांनाच. फोटो होता, गळ्यात हार घालून.

मी पेपर लपवला होता. शेजाऱ्यांचा आणून वाचला त्यांनी. भिंग घेऊन, अक्षर अन् अक्षर. मग घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "सुमती, देवाजी फुकट गेला." मी म्हटलं, देवाजी तीस वर्षांपूर्वी गेला. तर म्हणाले, "नाही. एप्रिलमध्ये." त्यानंतर डायलिसिसला जायला तयार झाले नाहीत. मुलगा आला, सून आली, रुपराव रडले. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही. पक्षानेसुद्धा सांगून पाहिलं. आयुष्यात एकदाच त्यांनी पक्षाचं ऐकलं नाही, ते हे.

पोस्टमनची वाट पाहायचे. मी दोनदा खोटं सांगितलं की टपाल खात्याचा संप आहे. संप म्हटल्यावर बिचारे खूश व्हायचे.

आता विनंती. रुपराव म्हणत होते की बारा ऑगस्टला गेटवर देवाजींच्या बरोबर ह्यांचंही नाव घेणार. अंजनाबाई, मला तुमच्या लोकांचा राग ठाऊक आहे. सगळे गप्प राहिले तर मला ते सोसणार नाही. मी येणार नाही, पण मला कळेलच. तुम्ही एकट्या म्हणालात तरी पुरे. एकदा "हाजर" म्हणा. एवढं कराल?

सुमती

&nbsp;

मौदा
१३ ऑगस्ट २०२४

सुमतीताईले अंजनाचा जय भीम.

तुमचं पत्र आलं तवाच उत्तर द्यायले पाहिजे होतं. नाही दिलं. काय म्हनीन ते मलेच माहीत नव्हतं, मंग तुमाले काय लिवू?

काल बारा ऑगस्ट झाला. प्रशिकच्या ई-रिक्षात बसून गेली. आता तो रिक्षा चालवते. गेटवर सेठच्या खासदारकीचा मोठा बोर्ड लागला हाय, त्याच्याच खाली आमी झेंडा लावला. मानसं थोडी होती. पोट्टे आधीच कुरकुरून राहिले होते, त्या पोतनीसचं नाव घ्यायचं नाही म्हनून. प्रशिकही म्हने, "आई, काहून घ्यायचं? माझी क्रेन गेली, बाप दोनदा मेला." मी म्हटलं, नाव घ्यायचं. ज्यानं हजेरी शिकवली त्याचं नाव हजेरीत नाही, असं कसं?

देवाजीची हजेरी मी घेतली. "हाजर" म्हनाले सारे, गेटच्या आतले दोन-तीन जनही म्हनाले, वॉचमनच्या मागं लपून. मंग रुपराव समोर आले. आवाज बसला होता त्याईचा. म्हटलं, "कॉम्रेड मधुसूदन पोतनीस!"

कोनीच बोललं नाही, ताई. सारे माझ्याकडे पाहत होते. तुमचं पत्र माझ्या पोलक्यात होतं. तुमचं सारं मले आठवत होतं, चहा, मिठाचं सोंग, टपालाचा संप. माझ्या डोळ्याईतून पानी वाहून राहिलं होतं अन् "हाजर" म्हनाले तोंड उघडलं होतं मी. पन मंग लहानू आठवला. माझा भाऊ. त्याची खोटी हजेरी मी खोडली होती, अन् मधुभाऊ साऱ्याईसमोर म्हनाले होते, आपल्या मानसाचीसुद्धा खोटी नाही.

मी म्हटलं, "गैरहाजर."

तुमाले लागन हे. मले माहीत हाय. मलेही लागलं. पन त्या दिवशी स्टेजवर तो मानूस हाजर नव्हता, सुमतीताई. मी डोळ्यानं पाहिलं. मी हाजर म्हटलं असतं तं तुमचं मन राहिलं असतं, पन त्याईनं वरून माझं मस्टर हिसकावलं असतं.

रुपराव रडले. डोळे पुसून म्हने, "मंग अंजनाबाई, यांचं नाव कापायचं का पुढच्या वर्षीपासून?" पोट्टे म्हने, कापा, कापा. मी ओरडली त्याईच्यावर. म्हटलं, मिलमंधी काम केलं का नाही तुम्ही? गैरहाजर मानसाचं नाव कोनी कापते का? नाव राहते. रोज घ्यावं लागते.

तुमी लिवलं, ते माझ्या पत्राची वाट पाहत होते. मी काहून लिवलं नाही ते सांगतो. लिवाले बसली असती तं माफ केलं असतं. दोन वेळा कागद घेतला अन् ठेवून दिला. वाटलं, राहू दे, बारा ऑगस्टले गेटवर येतीन तवा तोंडावर भांडू. मले काय माहीत.

तुमी एकट्या राहू नका तिथं. प्रशिक आयतवारी नागपूरले भाडं घेऊन येते, त्याच्याबरोबर मी येतो. या वेळी चहा मी करन, तुमी बसा. अन् पुढच्या बारा ऑगस्टले तुमी गेटवर या. नाव घेऊच आपन त्याईचं. तवा काय उत्तर द्यायचं, ते दोघी मिळून पाहू.

तुमची
अंजना